लॉगमध्ये नाव वंदनाताईंचं

"मॅडम, लंबी कहाणी नका सांगू. लॉगमध्ये नाव कोणाचं आहे, तेवढं एका ओळीत मेल करा," लांजेवार साहेब फोनवर म्हणाले.

सोमवारची सकाळ होती. मी वरठी रोडवरच्या एका राइस मिलच्या ऑफिसात बिघडलेला प्रिंटर खोलून बसले होते. प्रिंटर हे माझं काम नाही. मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, म्हणजे सर्व्हर सांभाळणारी. पण भंडाऱ्यात कॉम्प्युटरवाली बाई म्हटलं की प्रिंटरही तिनेच पाहायचा असतो. बोटं टोनरने काळी झाली होती आणि लांजेवारांचा सकाळपासूनचा तो चौथा फोन होता. मी हात पुसले आणि मोबाइलवरूनच दोन वाक्यं पाठवून दिली. "गुरुवारी दुपारी सव्वा वाजता अकरा रिपोर्ट डिलीट झाले आहेत. लॉगमध्ये लॉगिन वंदना रामटेके यांचं दिसतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. लॉगचा बाकीचा भाग मी अजून वाचलेला नव्हता.

त्याच दिवशी तीन वाजता वंदना रामटेके यांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. तिच्यात माझं दुसरं वाक्य जवळपास जसंच्या तसं होतं. फक्त "दिसतं" काढून तिथे "सिद्ध झाले आहे" असं घातलं होतं.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. नागपूरची नोकरी सोडून मी भंडाऱ्यात परत आले होते आणि तीन-चार संस्थांचे सर्व्हर सांभाळत होते. त्यातलं एक एका ट्रस्टचं हॉस्पिटल. लांजेवार तिथले प्रशासन अधिकारी. वंदनाताई लॅबमधल्या सीनियर टेक्निशियन, मूळच्या पवनीच्या. अठरा वर्षं तिथे काढली होती, पण नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा आणि त्या वर्षीचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता.

हॉस्पिटलचं मोठं काम सिकलसेलचं. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस सांधेदुखीने तळमळतो. काही जण फक्त वाहक असतात, त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलाला आजार होऊ शकतो. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, म्हणून तपासणीला महत्त्व. दर गुरुवारी हॉस्पिटलची गाडी कुठल्यातरी गावी शिबिराला जायची. कधी पवनीकडे, कधी तुमसर तालुक्यात नाकाडोंगरीच्या बाजूला. रक्ताचे नमुने यायचे, वंदनाताई तपासायच्या, आणि प्रत्येकाचा रिपोर्ट सर्व्हरवर एक फाइल म्हणून ठेवला जायचा.

सर्व्हर म्हणजे रेकॉर्ड रूममधला एक जुना डबा. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि वर नागपूरच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने बनवून दिलेलं लॅबचं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरमधली गावांची यादी इतकी जुनी होती की गोंदिया जिल्हा वेगळा होऊन कित्येक वर्षं झाली तरी आमच्या यादीत तिरोडा, आमगाव, देवरी सगळं होतंच. नाकाडोंगरी निवडायची तर यादीत आधी दुसरा जिल्हा ओलांडून जावं लागायचं. वंदनाताईंनी ते दुरुस्त करून मागितलं की पलीकडून उत्तर यायचं, "नेक्स्ट व्हर्जन में हो जाएगा."

मला बोलावलं ते सुनीता उइकेच्या प्रकरणामुळे.

सुनीता एकोणीस वर्षांची. नाकाडोंगरीजवळच्या एका गावातली. शिबिरात तिचं रक्त घेतलं होतं. पुढच्या महिन्यात हातपाय फार दुखायला लागले म्हणून ती हॉस्पिटलात आली. काउंटरवर नावाने रिपोर्ट शोधला, एकच निघाला, त्यावर लिहिलेलं नॉर्मल. ड्यूटीवरच्या डॉक्टरने दुखण्याच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. आठ दिवसांनी तिला खाटेवर घालून आणलं. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर कापगते मॅडम यांनी रक्त पुन्हा तपासायला लावलं. सिकलसेल होता, वाहक नव्हे, पूर्ण आजार. मग पहिला रिपोर्ट नॉर्मल कसा?

तो रिपोर्ट तिचा नव्हताच. त्याच गावात आणखी एक सुनीता उइके होती, चौतीस वर्षांची, तिचा होता. एकोणीस वर्षांच्या सुनीताचा रिपोर्ट तयार झाला होता, लॅबच्या रजिस्टरमध्ये नोंद होती, पण सर्व्हरवर फाइल नव्हती. शोधायला लागल्यावर आणखी बऱ्याच फाइली गायब सापडल्या.

लांजेवारांचं मत ठरलेलं होतं. "लॅबवाले निष्काळजीपणा करून राहिले. मॅडम, तुमी फक्त पकडून द्या."

मी ऑडिट सुरू करायचं ठरवलं. ऑडिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कुठलाही प्रोग्राम डिस्कला स्वतः हात लावू शकत नाही. फाइल उघडायची, लिहायची, काढून टाकायची, प्रत्येक वेळी त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे तशी मागणी करावी लागते. त्या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. ऑडिट लॉग ही या मागण्यांची नोंदवही. कोणत्या नावाने मागणी आली, कोणत्या प्रोग्रामने केली, किती वाजता, कुठल्या कीबोर्डवरून, सगळं तिच्यात उतरतं. संशयास्पद मागणी शोधायची ती इथेच.

पण नोंदवहीत नाव उतरायला आधी नाव हवं. तिथे सगळी लॅब 'लॅब' या एकाच लॉगिनने काम करत होती. पासवर्डही लॅबच. मी म्हटलं, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा. लांजेवार म्हणाले, अठरा वर्षांत कधी गरज पडली नाही. मी म्हटलं, अठरा वर्षांत कधी फाइलीही गायब झाल्या नाहीत. यावर दोन आठवडे गेले. शेवटी कापगते मॅडमनी सांगितलं तेव्हा लॉगिनं वेगळी झाली. जुन्या सगळ्या रिपोर्टच्या फाइली वंदनाताईंच्या नावावर केल्या, कारण लॅबची जबाबदारी त्यांची.

मग लांजेवारांनी स्वतःसाठी पूर्ण अधिकार मागितले. सर्व्हरवर पूर्ण अधिकार म्हणजे काहीही बदलता येतं, काहीही पुसता येतं, कोणाच्याही नावाने काम लावता येतं. मी विचारलं, तुम्हाला ते कशाला हवेत.

"मी ऑफिसचा हेड आहो ना," ते म्हणाले. "हेडले कमी आणि लॅबवाल्याले जास्त, असं कसं राहील?"

लॅबवाल्यांना जास्त नव्हतेच, हे मी तीनदा सांगितलं. उपयोग झाला नाही. दिले अधिकार. ते द्यायला नको होते, हे तेव्हाही कळत होतं.

ऑडिट सुरू केल्यावर पहिली चूक मीच केली. घाईत नियम असा लिहिला की रिपोर्टच्या फोल्डरमधली प्रत्येक हालचाल नोंदली जाईल. फाइल नुसती उघडली तरी नोंद. एका दिवसात नोंदवही एवढी फुगली की सर्व्हर रांगायला लागला. लॅबमधून फोन, काउंटरवरून फोन, लांजेवारांचे तर मोजलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन नियम बारीक केला. या फोल्डरमधून कोणी फाइल काढून टाकली किंवा तिचं नाव बदललं, तरच लिहायचं. मग सगळं शांत झालं. आणि त्याच आठवड्यात गुरुवारी अकरा फाइली गेल्या.

त्यानंतरचा सोमवार म्हणजे तो प्रिंटरचा सोमवार.

मंगळवारी सकाळी वंदनाताई माझ्या घरी आल्या. त्याआधी आमचं बोलणं कामापुरतंच व्हायचं. त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून नोटीस काढून टेबलावर ठेवली. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"मॅडम, हे तुमी लिहून देलं का?"

मी नोटीस वाचली. दोनदा वाचली. म्हटलं, "सिद्ध झालं असं मी लिहिलं नाही."

"पण नाव माह्यं लिहिलं ना?"

"लॉगमध्ये होतं."

"गुरुवारी मी नाकाडोंगरीकडे होती. सकाळी आठच्या गाडीत निघाली, वापस यायले सहा वाजले. सव्वा वाजता मी शाळेच्या वऱ्हांड्यात लोकाईचं रक्त घेऊन राहिली होती. दीडशे लोकाईनं पाह्यलं मले." मग हळू म्हणाल्या, "ते रिपोर्ट मीच करते. नळीवर नंबर मी टाकते, मशीनले मी लावते, टाइप मी करते. मी कायले पुसीन?"

तीन दिवसांत खुलासा द्यायचा होता, आणि त्या म्हणत होत्या की जे केलंच नाही त्याचा खुलासा कसा लिहायचा. कोणी पासवर्ड विचारला होता का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. कागदावर कुठे लिहून ठेवला होता का? नाही. आणि मग माझ्याकडे बघत म्हणाल्या की शिबिराचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलेलं असतं, ते तरी एकदा पाहून घ्यायचं होतं.

त्या गेल्यावर मी लॉग उघडला आणि जे सोमवारी करायला हवं होतं ते केलं. पहिल्या ओळीपासून वाचला.

नाव वंदनाताईंचंच होतं. दोन्ही ठिकाणी. ऑडिटमध्ये माणसाच्या ओळखीचे दोन रकाने असतात. एक, आत्ता काम कोणाच्या नावाने चाललंय. दुसरा, मुळात लॉगिन कोणी केलं. दुसरा रकाना फाटकावर छातीला लावून दिलेल्या बिल्ल्यासारखा. आत जाऊन कोणाचाही कोट घाला, बिल्ला बदलत नाही. इथे कोटही त्यांचा आणि बिल्लाही त्यांचाच. मी सोमवारी इथपर्यंतच पाहिलं होतं.

पण पुढे कीबोर्डचा रकाना होता आणि तो रिकामा होता. म्हणजे त्या वेळी कोणीही समोर बसून काही टाइप केलं नव्हतं. वेळ होती बरोबर सव्वा वाजून एक सेकंद. माणूस इतका वक्तशीर नसतो. हे ठरलेल्या वेळचं काम होतं. ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवता येतं की अमुक वारी, अमुक वाजता, अमक्याच्या नावाने हा प्रोग्राम चालव. तेव्हा ती स्वतःच उठते, त्या माणसाच्या नावाचा बिल्ला लावते आणि काम करून टाकते. तो माणूस नाकाडोंगरीला असला तरी.

वंदनाताईंच्या नावाने लावलेल्या अशा कामांची यादी उघडली. एकच काम होतं. दर गुरुवारी सव्वा वाजता एक छोटा प्रोग्राम चालवायचा. तो प्रोग्राम वाचला आणि डोकं धरून बसले. फोल्डरमधल्या सगळ्या फाइली घे, नाव आणि गाव जुळलं तर डुप्लिकेट समज, पहिली ठेव, बाकीच्या काढून टाक. वय बघायचं नाही. नमुन्याचा नंबर बघायचा नाही. एका गावात एका नावाची दोन माणसं असू शकतात, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे एका गावात चार सुनीता उइके निघतील.

मी सॉफ्टवेअरवाल्याच्या सपोर्टला फोन लावला. तो अगदी शांत होता.

"हां मॅडम, वो क्लीनअप है. डिस्क फुल हो रही थी ना. डुप्लिकेट क्लीन करना तो अच्छी प्रॅक्टिस है."

मी विचारलं, हे वंदनाताईंच्या नावावर कोणी लावलं. त्याने सांगितलं की आपण सर्व्हरला हातच लावत नाही, हॉस्पिटलला फोनवर फक्त कमांड, म्हणजे टाइप करायची ओळ, सांगतो. कोणाला सांगितली, ते आठवत नव्हतं.

मी लांजेवारांकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते काम त्यांच्याच नावावर आहे ना?"

"नावावर आहे. त्यांनी लावलं असं नाही."

"मग कोणी लावलं?"

ते मला सांगता येत नव्हतं. काम लावलं तेव्हा माझी नजर फक्त रिपोर्टच्या फोल्डरवर होती. लॉगिनं वेगळी करताना मी ठरलेल्या कामांची यादी बघायला हवी होती. 'लॅब' लॉगिनच्या नावावर हेच काम आधीपासून असणार आणि लॉगिन बदलल्यावर ते बंद पडलं असणार, म्हणून कोणीतरी नव्या नावावर पुन्हा लावलं. हे सगळं आता सुचत होतं.

"तर मग नोटीस राहू द्या," लांजेवार म्हणाले. "खुलाशात त्याईनं लिहावं काय लिहायचं ते."

मी तशीच कापगते मॅडमच्या खोलीत गेले. त्यांना संगणकातलं फार कळत नव्हतं, आणि कळत नाही हे त्या सरळ सांगायच्या. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, खुलाशाची मुदत आठ-दहा दिवस वाढवा आणि मी आता काय करणार आहे ते कोणाला सांगू नका. त्यांनी विचारलं, रिपोर्ट आणखी जातील का? नाही म्हटलं. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली.

मी तीन कामं केली. रिपोर्टच्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. गुरुवारचं ते काम यादीतून पुसलं. आणि ऑडिटला नवा नियम दिला, ठरलेल्या कामांच्या यादीला कोणीही हात लावला तर लिहून ठेव.

गुरुवार आला आणि गेला. एकही फाइल गेली नाही. शुक्रवारी काही नाही. शनिवारी काही नाही. वंदनाताई रोज लॅबमध्ये येत होत्या. बाकीचे टेक्निशियन त्यांच्याशी बोलताना आवाज उतरवायचे, जणू घरात कोणाची तरी तब्येत बरी नाही. मला ते पाहवत नव्हतं. मी केबल बघायच्या निमित्ताने दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा काही न बोलता परत आले. सांगण्यासारखं हातात नव्हतं. अर्धवट सांगून एकदा काय झालं होतं ते समोर दिसत होतं.

पुढच्या मंगळवारी डिस्क भरत आल्याचा इशारा सर्व्हरने पाठवला. तो मेल मला यायचा आणि लांजेवारांनाही यायचा, कारण ते हेड होते. अकरा वाजता मेल आला. साडेअकराच्या आत ऑडिटमध्ये नवी नोंद पडली. वंदना रामटेके यांच्या ठरलेल्या कामांच्या यादीत बदल. कोट पूर्ण अधिकाराचा, बिल्ला लांजेवारांचा. कीबोर्डचा रकाना या वेळी भरलेला होता. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता.

मी नोंद छापून घेतली. या वेळी मेल केला नाही. आधी सगळं वाचलं, मागच्या-पुढच्या नोंदी वाचल्या, त्या वेळी ते ऑफिसात हजर होते का ते हजेरीत पाहिलं. नव्याने लावलेलं काम पुसलं, म्हणजे गुरुवारी पुन्हा फाइली जायला नकोत. दुपारी कापगते मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो.

लांजेवारांनी कागद पाहिला. नाकारलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. खिशातून छोटी डायरी काढली. त्यात सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलेली कमांड त्यांच्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलेली होती. प्रत्येक स्वल्पविरामासकट. डिस्क भरली की ही टाइप करायची. फाइली ज्याच्या नावावर त्याचंच नाव घालायचं, असंही त्यानेच सांगितलं होतं.

"मी फक्त टाइप केलं," ते म्हणाले. "तुमी सांगत होत्या ते काम हेच, हे मले कसं माहीत राहील?"

कापगते मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कमांडमध्ये वंदनाचं नाव टाइप केलं. मग फाइली वंदनाच्या नावाने गेल्या. तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"नाव तर सपोर्टवाल्यानं सांगितलं. मले वाटलं पासवर्डसारखं काही राहते."

मला राग आवरेना. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला काही माहीत नव्हतं, तर नोटीसमध्ये 'सिद्ध झाले आहे' कुठून आलं?"

ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"नोटीस तर तुमच्या मेलवर काढली ना मॅडम."

आजही त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

पुढचं काम वेळखाऊ होतं आणि ते कोणी केलं असेल ते ओळखता येईल. गेलेले सगळे रिपोर्ट लॅबच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये होते, नमुन्याच्या नंबरासह. शिबिराच्या यादीशी नंबर जुळवून एकेक रिपोर्ट पुन्हा टाइप करायचा. लांजेवारांनी फाइलवर शेरा मारला की सदर काम लॅब विभागाने करावे. वंदनाताईंनी ते आठवडाभर बसून केलं. मी शेजारी बसून नंबर वाचून दाखवत होते. मला तेवढंच करता येत होतं.

रिपोर्ट गेलेल्यांपैकी काही जणांना नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा रिपोर्ट दिला गेला होता. त्यात एक गरोदर बाई होती आणि लग्न ठरलेली एक मुलगी. कापगते मॅडम आणि वंदनाताई गाडी घेऊन त्या त्या गावी गेल्या आणि घरोघर बसून खरं काय ते सांगून आल्या. मुलीच्या घरी बापाने विचारलं होतं की आता खरं सांगून राहिले, मग आधी कायले खोटं सांगितलं. वंदनाताईंनी त्याला सांगितलं की मशीनने दोन माणसं एक समजली. तिथे त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही. हे मला कापगते मॅडमनी सांगितलं.

एकोणीस वर्षांची सुनीता उइके महिनाभर वॉर्डात होती. बरी होऊन गेली, म्हणजे या आजारात जेवढं बरं होता येतं तेवढी. गोळ्यांसाठी दर महिन्याला येत राहिली. सॉफ्टवेअरमध्ये आता नावाआधी नमुन्याचा नंबर लागतो. गावांच्या यादीत तिरोडा मात्र होतं तिथेच आहे.

राहिली नोटीस. लांजेवारांनी पत्र काढलं, "तांत्रिक कारणास्तव नोटीस मागे घेण्यात येत आहे." वंदनाताईंनी ते घेतलं नाही. दुसरा मसुदा आला, "सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." तोही घेतला नाही. लांजेवार वैतागले. नोटीस गेली ना, आणखी काय पाहिजे? पुढच्या आठवड्यात करार नवा व्हायचा होता आणि वंदनाताई त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझा दोष नव्हता, असं लिहा. 'तांत्रिक कारण' असं पत्र घेऊन मले करार करायचा नाही."

तिसऱ्या पत्रात तसं लिहिलं गेलं. खाली सही कापगते मॅडमची होती. करारही झाला.

मग वंदनाताई रेकॉर्ड रूममध्ये माझ्याकडे आल्या. हातात तेच प्लास्टिकचं फोल्डर.

"तुमचंही एक पत्र लागते," त्या म्हणाल्या. "नोटीसमध्ये तुमचं वाक्य आहे. ते चुकलं, असं फाइलला लागलं पाहिजे."

मी म्हणणार होते की वाक्य चुकीचं नव्हतं, लॉगिन खरंच त्यांचं होतं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं. मी ते म्हटलं नाही. कागद घेतला आणि लिहून दिलं की संपूर्ण लॉग न वाचता मी श्रीमती रामटेके यांचं नाव कळवलं, ही माझी चूक. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं, तारीख राहिली होती ती घालून घेतली, आणि फोल्डरात ठेवलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात एक अट असते. मी पूर्ण अहवाल लेखी देईपर्यंत लॉगमधल्या कुठल्याही नावावर कारवाई करायची नाही. साध्या मराठीत, दोन ओळींत. करार सहीला पाठवला की बहुतेक ऑफिसांतून एकच विचारणा होते. बाकी सगळं ठीक आहे मॅडम, तेवढी अट काढता येईल का?